रकाने खरे, ओळ खोटी : अवजड हेलिकॉप्टर आणि टिल्टरोटर यांच्या तुलनेची चिकित्सा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषयाचे नाव वाचून काहींच्या मनात आले असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा हेलिकॉप्टरशी काय संबंध? माझा संबंध तुलनेशी आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘यातली चांगली कोणती?’ असे आपण दिवसातून दहा वेळा विचारतो. हा प्रश्न कसा विचारावा हे शिकवण्यात माझी नोकरी गेली. लष्करी विमानांच्या चर्चेत तो फार हिरिरीने विचारला जातो, आणि फार ढिसाळपणे विचारला जातो. त्या ढिसाळपणाचे परिणाम काही माणसांना भोगावे लागले आहेत, म्हणून आज हे उदाहरण घेतले आहे.

आधी दोन्ही यंत्रं नीट ओळखून घेऊ. दोन्ही अमेरिकेच्या मरीन कोरकडे आहेत. पहिले सिकोर्स्कीचे सीएच-५३के, ‘किंग स्टॅलियन’. सुमारे २४ मीटर व्यासाचा, सात पात्यांचा एकच मुख्य रोटर. तीन इंजिने, प्रत्येकी ७,५०० अश्वशक्तीची. भरलेल्या अवस्थेत कमाल वजन जवळजवळ ४० टन. खाली आकड्याला लटकवून १६ टनांहून थोडा अधिक भार उचलते. पहिले उड्डाण २०१५ साली, सेवेत २०२२ साली. त्याचा थोरला भाऊ सीएच-५३ई १९८१ पासून सेवेत आहे.

दुसरे बेल आणि बोइंग यांचे व्ही-२२ ‘ऑस्प्रे’. याला टिल्टरोटर म्हणतात. पंखांच्या दोन टोकांना दोन इंजिने आणि दोन रोटर. जमिनीवरून उठताना रोटर आकाशाकडे तोंड करून असतात, म्हणजे ते हेलिकॉप्टर असते. वर गेल्यावर इंजिनांसकट रोटर पुढे झुकतात आणि त्याचे विमान होते. पहिले उड्डाण मार्च १९८९ मध्ये, मरीन कोरच्या सेवेत २००७ मध्ये. आत २४ जवान बसतात. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. सीएच-५३ ताशी साधारण २८० किलोमीटरने जाते. आकड्याला लटकवायचा भार मात्र ऑस्प्रेला कमाल ६.८ टन.

म्हणजे ऑस्प्रे पावणेदोन पट वेगवान आणि सीएच-५३के जवळजवळ अडीचपट बलवान. झाली की तुलना! एक कोष्टक काढायचे, वेग, भार, पल्ला, उंची असे रकाने करायचे, आणि ज्याने जास्त रकाने जिंकले तो विजयी. बहुतेक चर्चा इथेच संपतात. आपली इथून सुरू होते.

आता बघा, नव्या गृहसंकुलाची जाहिरात आपण सगळ्यांनी वाचली आहे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं, डोंगराचं दृश्य, शांत परिसर, परवडणारी किंमत.’ तुम्ही जाऊन बघता. पाच मिनिटांवर आहे ती ए इमारत. डोंगर दिसतो सी इमारतीच्या अकराव्या मजल्यावरून. शांतता मागच्या बाजूला, आणि परवडणारी किंमत ज्या घराची आहे त्यातून कचऱ्याचे डबे दिसतात. जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा आहे. पण ती चारही वाक्ये ज्याला लागू पडतात असे घर त्या संकुलात नाही.

लाइबनिट्झ या जर्मन तत्त्ववेत्त्याने यासाठी एक नेमकी कल्पना दिली आहे. एखादी गोष्ट शक्य असणे वेगळे, आणि ती दुसऱ्या शक्य गोष्टीबरोबर एकाच वेळी शक्य असणे वेगळे. मराठीत आपण याला ‘सहसंभव’ म्हणू. त्याने ही कल्पना ईश्वर आणि विश्व यांच्या संदर्भात वापरली. मी ती लष्करी माहितीपत्रकाला लावतो. तिथे एकेक रकाना खरा असतो आणि पूर्ण ओळ खोटी असते.

ऑस्प्रेचीच ओळ घ्या. रिकाम्या ऑस्प्रेचे वजन सुमारे १५ टन. सरळ वर उठायचे तर कमाल वजन सुमारे २३.९ टन. मधले राहिले जेमतेम नऊ टन. त्यात इंधनही आले, चालक दलही आले, जवान आले, सामान आले. पल्ला हवा तर इंधन भरा, पण मग भार कमी. भार हवा तर इंधन काढा, मग पल्ला कमी. दोन्ही हवे असेल तर धावपट्टीवर थोडे धावून उठा. तसे केले तर कमाल वजन २७.४ टनांपर्यंत जाते. पण मग सरळ उठणे गेले, आणि ज्यासाठी हे यंत्र बनवले तो गुणच गेला. आकड्याला मोठा भार लटकवला की वेगही गेला, कारण लटकलेली तोफ काही ताशी ५०० किलोमीटरने नेता येत नाही.

सीएच-५३केला हाच नियम आहे. १६ टन हा कमाल आकडा झाला. मरीन कोरने त्याच्याकडे प्रत्यक्षात मागितले ते असे : उष्ण हवेत, उंचावरच्या जागी, सुमारे १२.२ टन भार २०० किलोमीटर दूर पोचवून परत येणे. हे वाक्य कोष्टकातल्या आकड्यापेक्षा लहान दिसते, पण त्यात ऋतू आहे, उंची आहे, अंतर आहे, परतणे आहे. हे पूर्ण वाक्य आहे. ‘१६ टन’ हा नुसता शब्द आहे. तुलना पूर्ण वाक्यांची होते, सुट्या शब्दांची होत नाही.

कुणी म्हणेल, तंत्रज्ञान पुढे जाईल, वेग आणि ताकद दोन्ही एकत्र मिळतील. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. उचलीचेही तसेच आहे. अधांतरी स्थिर राहायचे तर हवा खाली ढकलावी लागते. रोटर जितका मोठा तितकी जास्त हवा हळू ढकलता येते, आणि ते स्वस्तात पडते. रोटर लहान असला की थोडी हवा जोरात ढकलावी लागते, आणि त्याला शक्ती जास्त लागते. हिशेब सोपा आहे. सीएच-५३केच्या रोटरचे वर्तुळ सुमारे ४५५ चौरस मीटरचे, त्यावर कमाल ४० टन. म्हणजे दर चौरस मीटरला ८८ किलो. ऑस्प्रेचे दोन्ही रोटर मिळून सुमारे २११ चौरस मीटर, त्यावर २३.९ टन. दर चौरस मीटरला ११३ किलो. लहान यंत्र, पण जड पाऊल.

मग ऑस्प्रेचे रोटर मोठे का करत नाहीत? कारण ते शेजारी-शेजारी आहेत. वाढवले तर मधल्या धडाला लागतील आणि जहाजाच्या डेकवर मावणार नाहीत. शिवाय हाच रोटर पुढे झुकल्यावर विमानाचा पंखा होतो, आणि चांगला पंखा लहान आणि पिळदार पात्यांचा असतो. चांगला रोटर मोठा आणि कमी पिळाचा असतो. ऑस्प्रेचे पाते या दोघांच्या मधले आहे.

या जड पावलाचे ठसे उमटतात. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयाच्या हेलिपॅडवरून अमेरिकी हवाई दलाचे ऑस्प्रे उठले आणि त्याच्या झोताने हेलिपॅडचे आवरणच उखडून उडाले. काही काळ हवाई रुग्णवाहिकेला दुसरीकडे उतरावे लागले. सीएच-५३चा झोतही काही झुळूक नसते, ४० टनांचे धूड आहे ते. पण आकारमानाच्या मानाने ऑस्प्रेचा झोत तिखट आहे, आणि तो त्याच्या रचनेतच आहे. दुरुस्तीने जाणार नाही.

विरळ हवेत तर हा फरक आणखी बोचतो. २०२० साली अमेरिकी नौदलाचे एक एमएच-६० हेलिकॉप्टर कॅलिफोर्नियात सुमारे १२ हजार फुटांवर डोंगरात पडले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, सीएच-५३केने ते आकड्याला अडकवून खाली आणले. ते वजन सात टनांच्या आसपास होते. ऑस्प्रेच्या आकड्याची मर्यादाच ६.८ टन, आणि तीसुद्धा तळाच्या दाट हवेतली. तेव्हा हे काम कुणाचे, याला कोष्टक नको. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

इथपर्यंत ऐकून वाटेल की मी हेलिकॉप्टरचा वकील आहे. थांबा. आता दुसरी बाजू.

२४ एप्रिल १९८०. इराणमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांना सोडवायला ‘निमित्झ’ जहाजावरून आठ आरएच-५३डी हेलिकॉप्टर निघाली. सीएच-५३च्याच कुळातली. तेहरान एका दमात गाठणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून वाळवंटात मध्येच उतरून इंधन घ्यायचे ठरले. मोहीम चालू ठेवायला किमान सहा हेलिकॉप्टर हवी होती. एकाच्या पात्याच्या बिघाडाचा इशारा आला, एक धुळीच्या वादळातून परतले, एकाचे हायड्रॉलिक गेले. उरली पाच. मोहीम रद्द झाली. निघताना एक हेलिकॉप्टर इंधनवाहू सी-१३० विमानावर आदळले आणि आठ जण गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्या प्रकल्पाला सुरुवात केली ज्यातून ऑस्प्रे जन्मले.

ऑस्प्रेचे समर्थक ही गोष्ट नेहमी सांगतात, आणि ती अर्धी बरोबर आहे. हेलिकॉप्टरला पल्ला असता तर वाळवंटात थांबावेच लागले नसते. उरलेली अर्धी अशी की त्या रात्री तीन हेलिकॉप्टर बाद झाली ती धूळ आणि बिघाड यांमुळे, मंद होती म्हणून नव्हे. जास्त गुंतागुंतीचे यंत्र हे बिघाडावरचे उत्तर असेलच असे नाही. इराकमध्ये ऑस्प्रेच्या पहिल्या तुकड्या गेल्या, तेव्हा उड्डाणासाठी तयार असण्याचे त्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी राहिले, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये नोंदवले.

तरीही वेगाला किंमत आहे. समजा, जखमी जवान ३०० किलोमीटरवर आहे. ऑस्प्रे ३६ मिनिटांत पोचते, सीएच-५३ला तास उलटून जातो. रक्त वाहत असलेल्या माणसासाठी हा अर्धा तास म्हणजे आकडा नाही.

मार्च २०११ मध्ये लिबियात अमेरिकेचे एफ-१५ई विमान पडले. वैमानिकाला आणायला ‘किअरसार्ज’ जहाजावरून ऑस्प्रे गेली आणि त्याला घेऊन आली. हे उदाहरण ऑस्प्रेच्या बाजूने दिले जाते, आणि रास्तच आहे. पण त्याच मोहिमेत त्याच जहाजावरून दोन सीएच-५३ई सुद्धा निघाली होती. गरज पडली तर उतरायची राखीव तुकडी त्यांत बसली होती. ज्यांनी मोहीम आखली त्यांना ‘यातले चांगले कोणते’ हा प्रश्न पडला नव्हता. त्यांना दोन कामे दिसली, आणि दोन कामांना दोन यंत्रे लावली.

पीटर गीच नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५६ साली एक साधा मुद्दा मांडला. ‘लाल गाडी’ म्हटले तर ती लाल आहे आणि गाडी आहे, असे दोन तुकडे होतात. ‘चांगली गाडी’चे तसे तुकडे पडत नाहीत. कसली गाडी हे कळल्याशिवाय ‘चांगली’ला अर्थच येत नाही. मरीन कोरमध्ये ऑस्प्रे आले ते सीएच-४६ या मध्यम हेलिकॉप्टरच्या जागी. सीएच-५३च्या जागी ते आलेलेच नाही. जवान ऑस्प्रेमधून जातात, त्यांची जड वाहने, मोठे सामान आणि इंधन सीएच-५३मधून मागाहून येते. ज्यांची स्पर्धा आपण लावतो, ते खरे तर एकाच घरातले दोन भाऊ आहेत.

मात्र इथे एक गोम आहे. २४ जवान ३६ मिनिटांत पोचले आणि त्यांचे जड सामान तासानंतर आले, तर ती तुकडी कितव्या मिनिटाला लढायला तयार झाली? सोबतची हल्लेखोर हेलिकॉप्टरसुद्धा ऑस्प्रेचा वेग गाठू शकत नाहीत. वरात नवरदेवाच्या घोड्याच्या वेगाने जात नाही, बँडवाल्यांच्या वेगाने जाते. म्हणून एकट्या यंत्राचा वेग मोजून भागत नाही, सगळ्या ताफ्याचा मोजावा लागतो.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात डेल्फीच्या सुरीचा उल्लेख केला आहे. लोहार काटकसर म्हणून एकच सुरी अनेक कामांसाठी घडवतात. निसर्ग असला कंजूषपणा करत नाही, तो एका कामाला एक साधन देतो, असे त्याचे म्हणणे. ऑस्प्रेचे टीकाकार नेमके हेच म्हणतात : धड विमान नाही, धड हेलिकॉप्टर नाही, दोन्ही डगरींवर हात. पण अ‍ॅरिस्टॉटल हा दाखला कशासाठी देतो ठाऊक आहे? स्त्री आणि गुलाम यांची कामे निसर्गतःच वेगळी आहेत, हे सांगण्यासाठी. तेव्हा ‘एक काम, एक साधन’ हे सूत्र ऐकले की मी जरा सावध होतो. दोन कामे करणारे साधन हीन असते असे नाही. समुद्रावरच्या जहाजात जागा थोडी असते, तिथे दोन कामांचे साधन मोलाचे ठरते. माझा आक्षेप तडजोडीला नाही. तडजोडीला ‘दोन्हींतलं उत्तम ते सारं’ म्हणून विकण्याला आहे. तडजोडीत काहीतरी द्यावे लागते. ते काय दिले, हे लपवले की त्याचा भुर्दंड तिसऱ्याच माणसाला पडतो.

तो कुणाला पडतो, ते आता सांगतो. ८ एप्रिल २०००, अ‍ॅरिझोनातले मराना. चाचणीच्या काळात एक ऑस्प्रे उतरताना कोसळले आणि १९ मरीन मृत्युमुखी पडले. पुढचा वेग कमी आणि खाली येण्याचा वेग जास्त असला की रोटर आपल्याच ढवळलेल्या हवेत सापडतो आणि त्याची उचल जाते. हे हेलिकॉप्टरलाही होते. पण ऑस्प्रेचे रोटर शेजारी-शेजारी आहेत. एकाची उचल गेली आणि दुसऱ्याची राहिली, तर यंत्र नुसते खाली बसत नाही, कलंडते. ही जोखीम रचनेतून आलेली होती, आणि या अवस्थेच्या चाचण्या आधी कमी केलेल्या होत्या. तरी त्या वेळी जाहीर निवेदनात ठपका पडला तो वैमानिकांच्या वागण्यावर. दोन्ही वैमानिक मेलेले. उत्तर कोण देणार? त्यांच्या पत्नी आणि वॉल्टर जोन्स हे लोकप्रतिनिधी वर्षानुवर्षे झगडले. २०१६ साली संरक्षण उपमंत्री रॉबर्ट वर्क यांनी लिहून दिले की अपघाताचे खापर एकट्या वैमानिकांवर फोडता येत नाही. सोळा वर्षे लागली, श्रोतेहो.

२९ नोव्हेंबर २०२३, जपानमधले याकुशिमा बेट. गिअरबॉक्स फुटून ऑस्प्रे समुद्रात कोसळले, आठ जण गेले. चौकशीत यंत्राचा दोष निघाला, आणि गिअरबॉक्सच्या धोक्याची माहिती वरच्या पातळीवरून खाली नीट पोचवली नव्हती, हेही निघाले. त्याच अहवालात वैमानिकाच्या निर्णयाचेही नाव आहे, कारण इशाऱ्याचे दिवे लागूनही उड्डाण चालू ठेवले. ते चूक असेलही. पण त्या दिव्यामागे किती मोठा धोका आहे, हे ज्याला पुरते सांगितले नाही, त्याच्या निर्णयाला आपण किती दोष देणार?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २००५ मध्ये इराकमध्ये सीएच-५३ई कोसळून ३१ जण गेले. २०१६ मध्ये हवाईजवळ दोन सीएच-५३ई एकमेकांवर आदळून १२ गेले. तेव्हा ‘ऑस्प्रे घातक, हेलिकॉप्टर सुरक्षित’ असे कोष्टक मांडणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मृतांची बेरीज करून यंत्रांना गुण द्यायचे, तर किती तास उडाले, कुठे उडाले, काय करताना उडाले, हे सारे पुसून टाकावे लागते. तीही सुट्या शब्दांचीच तुलना.

प्रश्न येणारच, म्हणून आपल्या देशाबद्दल दोन वाक्ये. भारताकडे टिल्टरोटर नाही. आपल्या हवाई दलाने १९८०च्या दशकात रशियन एमआय-२६ घेतली, आणि मार्च २०१९ मध्ये चंदीगडला चिनूक दाखल झाली. आपली अवघड जागा हिमालय आहे. तिथे हवा विरळ, आणि काम बहुधा जड वस्तू उंच ठिकाणी ठेवण्याचे. अशा जागी मोठा रोटर लागतो. उद्या बेटांच्या लांब अंतरांसाठी वेगाची निकड वाटली तर प्रश्न बदलेल, आणि उत्तरही बदलू शकेल.

समारोप करतो. यापुढे असले कोष्टक समोर आले की तीन प्रश्न विचारा. यातले कुठले आकडे एकाच उड्डाणात एकत्र खरे असतात? हे यंत्र कुणाच्या जागी आले आहे, आणि आपण तुलना कुणाशी करतो आहोत? आणि तिसरा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : या रचनेत जे गमावले, ते कुणाला भरून काढावे लागते? कोष्टक बनवणाऱ्याला नाही, विकत घेणाऱ्या मंत्र्यालाही नाही. ते भरून काढावे लागते वैमानिकाला, आणि मागे पट्टा बांधून बसलेल्या चोवीस जणांना. त्यांना कोष्टक कुणी दाखवलेले नसते. यंत्राच्या मर्यादा त्यांना आधी, स्पष्ट शब्दांत सांगणे, हे मला कुठलाही रकाना जिंकण्यापेक्षा मोठे वाटते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.